नाइस म्हणजे काय

दातांच्या डॉक्टरने खिडकीबाहेर डोकावून "नाइस!" म्हटलं, तेव्हा कोशकारांनी कप बशीत जरा जोरातच ठेवला. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप होते.

आल्यापासून डॉक्टरचं सोफ्याला, पुस्तकांच्या कपाटाला आणि बंद पडलेल्या घड्याळालाही नाइस म्हणून झालं होतं. मुलीने डोळ्यांनीच वडिलांना विनवलं. तिचं त्याच्याशीच लग्न करायचं ठरलंच होतं. बाबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. पण बाबांची हयात शब्दकोशात गेलेली. सैल वापरलेला शब्द त्यांच्या दातात अडकायचा.

"या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही, काका."

"लॅटिनमध्ये 'न जाणणारा'. फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला तो 'मूर्ख' होऊन. मग नाजूक झाला, चोखंदळ झाला, आणि आता कुणीही कशालाही चिकटवतो."

"बाबा!"

"अर्थ सांगतोय. शिवी देत नाहीये."

डॉक्टरचे कान लाल झाले. मग तो एकदम हसला.

"म्हणजे मी बरोबरच बोलत होतो की! पुस्तकांतलं मला ओ की ठो कळत नाही. भीती वाटली की तोंडातून तेवढंच निघतं. पेशंटच्या किडलेल्या दाढेलासुद्धा नाइस म्हणतो मी."

"दाढेला कशाला?"

"तोंड वासून बसलेलं असतं ना बिचारं. काहीतरी बरं कानावर पडावं."

कोशकारांनी चष्मा काढला आणि स्वच्छच असलेल्या काचा पुसत बसले.

जेवायला बसल्यावर डॉक्टरने पहिला घास घेतला. तोंड उघडलं, काकांकडे पाहिलं आणि घासाबरोबर शब्दही गिळला. काकू हातात डाव घेऊन उभ्याच होत्या.

"काय झालं? बिघडलीय का भाजी?"

"नाही, काकू. म्हणजे... फार..." पुढे गाडी जाईना.

काकू नवऱ्याकडे वळल्या.

"बोलू द्या हो त्याला. मूर्ख तर मूर्ख! या घरात माझ्या भाजीला आजवर कुणी तेवढंही म्हटलेलं नाही."

मुलीने मान खाली घातली. डॉक्टर पाण्याचा पेला न्याहाळू लागला. कोशकारांच्या कोशात 'चव' या एका शब्दाखाली पानभर मजकूर होता. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला. काहीतरी म्हणायला ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मीठ बरोबर पडलंय," ते म्हणाले.

डॉक्टरला वाटलं, आता भडका उडणार. पण काकूंनी पदराने उगाचच कपाळ टिपलं.

"घे रे, तूही घे," कोशकार घाईघाईने डॉक्टरला म्हणाले. "लाजू नकोस."

काकूंनी मात्र आधी नवऱ्याच्या वाटीत वाढलं. वाटी भरली, रस्सा काठावरून ताटात उतरला, तरी त्यांचा डाव थांबेना.