एका मिनिटाचं मत

आमच्या सिनेमा मंडळाचा नियम मीच घातलाय, त्यामुळे तो बरोबरच आहे. सिनेमा संपला की ज्याला मत द्यायचंय त्याने उभं राहायचं, एक मिनिट बोलायचं आणि खाली बसायचं. कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही. हा नियम नव्हता तेव्हा चष्मेवाले आणि निवृत्त मुख्याध्यापक एका सिनेमाच्या शेवटावरून असे हमरीतुमरीवर आले, की वाचनालयाच्या दोन खुर्च्या कामातून गेल्या. मी तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं मेट्रन. चाळीस खाटांचा वॉर्ड गप्प ठेवला, तिथे ही बावीस माणसं म्हणजे किस झाड की पत्ती!

त्या शनिवारी दुपारी मी ताईला घेऊन गेले. भाऊजींना जाऊन दोन महिने झाले होते. ताई रडली नव्हती. दिवसभर कपाटं आवरायची आणि आवरलेली पुन्हा आवरायची. समजूत काढायला गेलं की "चहा घेशील?" एवढंच विचारायची. शेवटी भाचीने हात टेकले. "मावशी, आता तूच काय ते कर."

मग मी केलं. मंडळाच्या यादीत एक ब्रिटिश सिनेमा दिसला, पुढे लिहिलं होतं 'कौटुंबिक, विनोदी'. म्हटलं झालं काम, जरा हसेल तरी! त्याच्या खालच्या ओळीत 'काळा विनोद, विषय मृत्यू' असंही होतं, ते मी वाचलंच नाही. लेबल पुरतं वाचल्याशिवाय आयुष्यात कोणाला गोळी दिली नाही मी, आणि सख्ख्या बहिणीला हा डोस पाजला.

दहाव्या मिनिटाला माझं डोकं ठिकाणावर आलं. सगळं घर जेवायला बसलंय आणि आजोबांची मान ताटात पडते. आजोबा एक नंबरचे नाटकी, मेल्याचं सोंग घ्यायची त्यांना जुनी खोड. त्यामुळे कोणी घास खाली ठेवत नाही. सून त्यांच्या कोपराखालून मिठाची बाटली ओढून घेते, जावई त्यांच्या वाटणीचा बटाटा उचलतो आणि मुलगी हसत म्हणते, "बाबा, पुरे आता." आणि आजोबा खरोखरच गेलेले असतात. अर्धा हॉल खिदळत होता. ताई हातातली पर्स घट्ट धरून पडद्याकडे बघत होती.

"निघूया का?" मी कुजबुजले.

"गप बस," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने मला दटावलं होतं, म्हणून मी बसले.

दिवे लागले. पहिले उठले ते अर्थातच चष्मेवाले. "मजा आली. आमच्या सासुरवाडीला अगदी अस्संच चालतं. फक्त आमचे सासरे उठून बसतात." हशा पिकला. मग पार्लरवाली उठली. "मला सून आवडली. घरात तिला काडीची किंमत नाही, पण मीठ कुठे आहे ते तिलाच माहीत. शेवट मात्र उगाच ताणलाय."

मग मुख्याध्यापक उभे राहिले. त्यांनी आधी जाकीट सारखं केलं. "मला हा प्रकार किळसवाणा वाटला. मरणाची थट्टा एक वेळ चालेल, पण हे धादांत खोटं आहे. डोळ्यांसमोर माणूस जातो आणि घरचं माणूस हसतं? कोणत्या घरात घडतं हे? कोण हसतं असं?"

ते खाली बसले. ताई उभी राहिली. मला वाटलं, चालली ही. मी माझी पिशवी उचलली.

"मी हसले," ताई म्हणाली.

तिने हातातली पर्स खुर्चीवर ठेवली.

"आमचे हे असेच होते. चपला घालताना पडायचे, जिन्यात पडायचे. मी धावत गेले की डोळा मारायचे. छत्तीस वर्षं हेच. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात पडले. मी म्हटलं, नाटकं पुरे, उठा. आणि हसले. भांडी विसळत होते, ती विसळून घेतली. यांना ओलांडून कपडे वाळत घालायला गेले. परत आले तरी तसेच. तेव्हाही म्हटलं, आज स्वारी भलतीच रंगात आलीय. मग खाली बसून हात लावला."

मिनिट केव्हाच संपलं होतं. मी नियम बाजूला ठेवला. ताई माझ्याकडे वळली.

"तू सिस्टर आहेस. खरं सांग. मी हसत बसले नसते, लगेच धावले असते, तर वाचले असते का गं?"

डॉक्टरांनी हृदयविकार म्हटलं होतं. हृदय नेमकं कधी थांबलं, हे कोणी पाहिलं नव्हतं. काही माणसं क्षणात जातात. काहींच्या बाबतीत पाच-दहा मिनिटं हातात असतात, आणि तेवढ्यात मी याच हातांनी माणसं परत आणली आहेत. भाऊजी कोणत्यातले होते, ते आता कोणालाच कळणार नाही.

"नाही," मी म्हणाले. "पडायच्या आधीच सगळं संपलं होतं. मी शेजारी उभी असते तरी काही झालं नसतं."

"नक्की?"

"तीस वर्षं हेच बघत आलेय, ताई."

तेवढं एक वाक्य खरं होतं.

ताई मटकन खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, नाक ओढत, मध्येच हसत. "मला वाटलं, आता डोळा मारतील!" मी तिला जवळ घेतलं. माझाही बांध फुटला, ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. मुख्याध्यापक आमच्यासमोर येऊन उभे राहिले. "माझं मत मी मागे घेतो," ते म्हणाले आणि पेल्यात पाणी घेऊन आले.

घरी जाताना ताईने माझा हात धरला होता. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "लेकीला विचारता आलं असतं, डॉक्टरांनाही आलं असतं. पण सगळे माझ्या मनासारखं बोलले असते. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. म्हणून तुलाच विचारलं."

"नाहीच येत," मी म्हणाले, वॉर्डात बोलायचे त्याच आवाजात.