चाळीस कपांचा बंब

मी कॉफीचा बंब बोलतोय. बंब हे नाव मला मृणालिनीबाईंनी ठेवलं. विस्कॉन्सिनमधल्या कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या खोक्यावर निराळंच भारदस्त नाव छापलेलं होतं. पण पोटात पाणी तापवणारी, खाली तोटी असलेली वस्तू दिसली की मराठी माणूस तिला दुसरं काय म्हणणार? मला ते आवडलं. त्याआधी मला कुणी नावानं हाक मारलीच नव्हती.

मी अॅल्युमिनियमचा, काळ्या कानांचा. एका वेळी चाळीस कप. दंतवैद्यांच्या एका मानाच्या संस्थेची शाखा मिशिगनमध्ये, पाँटिअॅक गावी होती. तिनं मला विकत घेतलं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सभा असे. त्या काळी मला दोनदा भरावं लागे. दिवसभर पेशंटना ‘गोड कमी खा’ सांगून आलेले डॉक्टर माझ्यापाशी येऊन तीन-तीन चमचे साखर घालत. माणसांची ही गंमत मी पुष्कळ पाहिली आहे.

या संस्थेत अर्ज करून शिरता येत नसे. एखाद्या सभासदानं तुमचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मग तुमचं नाव सुचवायचं, असा नियम होता.

चर्चच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दातांचा एक फुकट दवाखाना चाले. तिथं डॉ. मृणालिनी टिपणीस सहा वर्षं एकही शनिवार न चुकवता येत होत्या. मुंबईला डॉक्टर झालेल्या बाई. पण इथं येऊन त्यांना डेट्रॉइटमध्ये पुन्हा दोन वर्षं शिकावं लागलं होतं. आमचे म्हातारे सचिव डॉ. ग्रेबल यांनी त्यांचं काम पाहिलं आणि ब्याऐंशी साली त्यांचं नाव सुचवलं. त्या संध्याकाळी बाई मोरपिशी साडी नेसून आल्या होत्या. त्यांचे यजमान गिरीशराव फोटो काढत होते आणि सव्वीस माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मात्र माणसं ओसरत गेली. कुणी निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेले, कुणी कायमचेच गेले. पंच्याऐंशी साली ‘अध्यक्ष कोण होणार?’ असं ग्रेबल यांनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या कपात बघू लागले. बाईंनी हात वर केला.

शाखेच्या सामानाबरोबर मी बाईंच्या घरी, ट्रॉयला आलो. सभेला निघताना त्या मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवत आणि मी कलंडू नये म्हणून पट्टा लावत. ती सीट तशीही रिकामीच असे. गिरीशरावांना कंपनीनं ओहायोच्या प्लँटवर पाठवलं होतं, ते महिन्यातून एकदा घरी येत. मुलगा राजीव लांबच्या कॉलेजात. मग गाडी चालवताना बाई माझ्याशीच बोलत.

“आज किती येतील रे? मी बारा धरते.”

नऊ येत. पुढच्या खेपेला आठ. उरलेली कॉफी बाई सिंकमध्ये ओतत. ओतताना त्या माझ्याकडे बघत नसत.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत मुख्य कचेरीचं पत्र आलं. मेअखेर दहा सभासद नसतील, तर शाखा बंद. आम्ही सात होतो.

बाईंनी कंबर कसली. आजूबाजूच्या दंतवैद्यांना पत्रं पाठवली, फोन केले, दवाखान्यांत जाऊन भेटल्या. सगळे चांगलं बोलत. “पुढच्या वर्षी नक्की,” म्हणत. राजीवचा फोन आला तेव्हा बाईंनी त्यालाही सगळं सांगितलं.

“मॉम, इट्स जस्ट अ क्लब. लेट इट गो,” तो म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला आणि ओटा पुसत राहिल्या. ओटा स्वच्छच होता.

महिनाअखेरीस महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला बाईंनी मला नेलं. माझ्या पोटात पहिल्यांदाच आल्याचा चहा उकळला. त्याचा वास आठवडाभर गेला नाही. तिथं त्यांना विक्रम भेटला. तिशीतला दंतवैद्य, ट्रॉयमध्ये नवीन क्लिनिक उघडलेला. बाईंचं बोलणं ऐकून तो हसला.

“काकू, नो प्रॉब्लेम! मी आणि माझे दोन पार्टनर, तिघंही जॉइन करतो. सर्टिफिकेट वेटिंग रूममध्ये मस्त दिसेल. मीटिंगला यायला मात्र जमणार नाही हं.”

तीनच तर हवे होते. बाईंचा चेहरा उजळला, आणि मग हळूहळू गंभीर झाला.

“एक कर, विक्रम. तिघंही एका शनिवारी आमच्या दवाखान्यात या. तुमचं काम मला पाहायचंय.”

“शुअर, काकू.”

तो शनिवार ठरता ठरता मार्च उजाडला. त्या दिवशी बाईंनी मला नेहमीपेक्षा जास्त भरलं आणि तीन कप वेगळे काढून ठेवले. दवाखान्यात वसुधाही होती. वसुधा बिवलकर, बाईंची असिस्टंट. पुण्यात आठ वर्षं तिचा स्वतःचा दवाखाना होता. पण इथलं लायसन्स नसल्यानं तिला ड्रिल हातात धरता येत नसे. ती ट्रे मांडायची, दातांचे साचे ओतायची, घाबरलेल्या पेशंटचा हात धरून बसायची.

दुपारी फोन वाजला.

“काकू, कॅन्सल करावं लागतंय. शनिवारीच आमच्याकडे रश असतो ना. तुम्ही फॉर्म पाठवून द्या, आम्ही साइन करतो.”

बाईंनी वेगळ्या काढलेल्या तीन कपांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “नको, विक्रम. जे पाहिलं नाही ते पाहिलं असं मी कसं लिहू?”

फोन ठेवून त्या वळल्या तर मागं वसुधा उभी.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “माझं काम तर तुम्ही रोज पाहता.”

“तुझं इथलं लायसन्स नाही गं. मी मुख्य कचेरीला दोनदा लिहून विचारलं. नाही म्हणाले.”

“हो,” वसुधा म्हणाली, आणि ट्रे धुवायला गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

मे महिन्यात शेवटची सभा झाली. पाच जण आले. ग्रेबल यांनी भिंतीवरची सनद उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळली. अध्यक्षांचा हातोडा कुणी नेला, झेंडा कुणी नेला. मला कुणीच मागितलं नाही, म्हणून बाईंनी मला उचललं.

त्याच उन्हाळ्यात वसुधाच्या नवऱ्याला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी लागली आणि ती तिथल्या कॅरी गावी निघाली.

“तिकडे जाऊन कॉलेजला प्रवेश घे,” बाई निरोप देताना म्हणाल्या.

“पुन्हा दोन वर्षं, ताई? या वयात?”

“मी केलीच ना!”

आता एकोणनव्वद साल सरत आलंय. मी बाईंच्या ओट्यावर असतो. गिरीशराव अजून ओहायोतच आहेत. शनिवारी बाई अजूनही दवाखान्यात जातात, पण पेशंटच्या दोन खुर्च्यांतली एकच चालते; दुसरीपाशी उभं राहायला डॉक्टर नाही.

गेल्या रविवारी माझ्या शेजारचा भिंतीवरचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की घरभर ऐकू आला.

“ताई, लायसन्स मिळालं!”

बाई स्टूल ओढून बसल्या. दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मग वसुधानं विचारलं, “आता मला घेतील ना हो, तुमच्या त्या संस्थेत?”

“इथली शाखा तर गेली गं. तिकडे असेल एखादी. पण तिकडच्या कुणीतरी तुझं काम पाहायला हवं.”

“इथं मला कोण ओळखतं, ताई?”

बाईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मी पाहिलंय, वसुधा. त्या आजोबांची कवळी कुठं टोचते ते चार डॉक्टरांना कळलं नव्हतं, तू नुसतं बोट फिरवून सांगितलंस. ती बाई तोंड उघडायला तयार नव्हती, तिच्यापाशी तू तासभर खाली फरशीवर बसलीस. मी सगळं पाहिलंय.”



फोन झाल्यावर बाईंनी माझ्यातून एक कप कॉफी घेतली आणि उभ्या उभ्याच प्यायल्या.

माझी कॉइल आता थकलीय. तापायला तास लागतो, तोटी जराशी गळते. पण पोट अजून चाळीस कपांचंच आहे. तुमच्याकडे चार माणसं बसणार असतील तर मला मागून न्या. बाईंनाही बोलवा. त्या वेळेच्या आधी येतील, आणि सगळ्यांत शेवटी निघतील.