सलूनवाल्याने हात वर केला

सभागृहातले दिवे मालवले आणि शिवणकाम करणाऱ्या बाईने शेजारी बसलेल्या लेकीला जवळ ओढलं. आता पडद्यावर तिचाच चेहरा येणार होता. वस्तीतल्या वर्णद्वेषावरच्या त्या माहितीपटात तिने सगळं सांगून टाकलं होतं. आठ वर्षांपूर्वी, लेक लहान असताना, सलूनवाल्याने तिला खुर्चीवरून उठवलं होतं, 'असल्या काळ्यांचे केस इथे कापत नाही' म्हणून. कॅमेऱ्यासमोर ती बोलून गेली खरी. पण आज तो पुढच्याच रांगेत बसला होता.

माहितीपट संपला, चर्चेसाठी माइक फिरू लागला आणि त्यानेच हात वर केला. तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं. उद्या दारावर दगड आले तर?

"तो सलूनवाला मीच," तो म्हणाला. "मी विसरूनही गेलो होतो. पोरीला मात्र आठ वर्षं विसरता आलं नाही. चुकलं माझं. ताई, तिला पाठवाल का दुकानात?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"तिलाच विचारा," ती कशीबशी म्हणाली.

लेक उठली. "मला अजून तुमची भीती वाटते. येईन, पण आई खुर्चीशेजारी उभी राहील."

त्याने मान डोलावली. आईही उठून लेकीजवळ उभी राहिली.