सैल पत्रा

मित्रांनो, माझ्या कडेला हात लावू नका, कापेल. मी एक जुना पन्हळी पत्रा आहे. भोपाळच्या तुलसी नगरात एका दुमजली सरकारी क्वार्टरमागे, भिंतीला टेकून मी पडून असतो.

नवा होतो तेव्हा उन्हात माझ्यावर नजर ठरत नसे. वरच्या मजल्यावरच्या नीळकंठ देशकरांनी मला हौसेने आणले. ते मूळचे नागपूरचे, सरकारी कचेरीत बाबू. लोखंडी अँगलवर बोल्टांनी मला बसवून त्यांनी गच्चीवर सावली केली. त्यांच्या पत्नी सुमित्राबाई माझ्याखाली बसून उन्हातले वाळवण राखत. "हा पत्रा आहे म्हणून मे महिन्यात गच्चीवर पाऊल ठेवता येतं," असे त्या म्हणत. मला फार बरे वाटे.

वर्षे गेली. वानरे माझ्यावर धडाधड उड्या मारत. बोल्ट गंजले, एका कोपऱ्यातले दोन गळूनच पडले. नीळकंठरावांनी त्या कोपऱ्यावर विटा ठेवल्या. त्यानंतर माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही.

यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्यांची मुलगी जुई मोबाइल घेऊन गच्चीवर आली.

"बाबा, ऑरेंज अलर्ट आलाय! संध्याकाळी तेज आंधी, विजा, गारासुद्धा."

घरात धावपळ उडाली. टॉर्च चार्ज झाला, पाणी भरून ठेवले, टीव्ही-फ्रिजचे प्लग निघाले. जुईने कुंड्या आत नेल्या. नीळकंठरावांनी झाडाखालची स्कूटर हलवली.

"अहो, तो पत्रा तारेने बांधून घ्या ना," सुमित्राबाई म्हणाल्या.

"विटा आहेत त्यावर. इतक्या वर्षांत हललाय का तो? बघू, मिस्त्रीला बोलावतो नंतर."

पाचच्या सुमारास आभाळ काळवंडले. धुळीचा लोट आला आणि वारा माझ्या पोटाखाली शिरला. विटा घरंगळल्या. उरलेल्या बोल्टांना धरून राहण्याची मी शिकस्त केली, पण ते तटातट तुटले.

खाली अंगणात मंगलाकाकू दोरीवरचे कपडे काढत होत्या. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, शिवणकाम करून जगणाऱ्या. मी थेट त्यांच्यावर जाऊन आदळलो.

त्यांचा जीव वाचला. उजव्या हाताची बोटे मात्र आता मिटत नाहीत. सुई धरता येत नाही.

नीळकंठराव रोज संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसतात. मी खिडकीखालीच आहे, मला सगळे ऐकू येते.

"मनाला लावून घेऊ नका हो भाऊ," काकू एकदा म्हणाल्या. "वाऱ्याला कोण अडवणार?"

"वाऱ्याला नाही, काकू. पत्र्याला मी अडवू शकलो असतो."

काकूंनी कपबशी त्यांच्याकडे सरकवल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मी मुद्दाम काही केले नाही. पण हे मी काकूंना कसे सांगू? तुमच्या मोबाइलवर वादळाचा इशारा आला, तर नुसते घर आवरून थांबू नका. ढग जमण्याआधीच मोठ्यांना गच्चीवर घेऊन जा. पत्रा, टाकीचे झाकण, जुना फलक, जे हलत असेल ते दाखवा. आणि ते बांधून झाल्याशिवाय त्यांना खाली उतरू देऊ नका.