टेकली काय?

"दादा, घरातला सगळा पाणी त्या दिसा मी ओतलंय. ह्या तेवढा रवला," मथुरा म्हणाली.

गंगारामने बहिणीकडे पाहिलं, मग खाटेकडे. माणूस गेल्यावर घरात साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. गंगारामची बायको गेली त्या दिवशी मथुराने कळशा, हंडे, न्हाणीतलं पिंपसुद्धा पालथं केलं होतं. खाटेवरच्या गादीतही पाणी आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गंगारामच्या आलं होतं. तो बोलला नव्हता.

दारात शेजारचा बाळा उभा होता. त्याच्या आईची, गोदूबाईची, पाठ पडून पडून चिघळली होती. ही गादी मागायला तो कालही आला होता, परवाही. दोन्ही वेळा गंगारामने "उद्या ने" म्हणून त्याला परतवलं होतं.

"काकानू, राग मानू नकात. आवस रातभर इवळता," बाळा म्हणाला.

"ने रे. मी नाय खंय म्हणतंय?"

गंगारामचं आयुष्य तारकर्लीच्या खाडीत होडी चालवण्यात गेलं. अर्ध्या गावाला त्याने पलीकडे पोचवलं, पण सुशीला, त्याची बायको, त्याच्या होडीत कधी बसली नाही. तिला पाण्याची भीती. माहेर समोरच्या काठावर, तरी ती एसटीने वळसा घालून जायची. दुपारी त्याची पेज घेऊन काठावर यायची तीही पाण्यापासून चार हात लांब उभी राहायची. मग तिला लकवा झाला, पाठ खाटेला लागली, आणि मुलाने मुंबईहून ही पाण्याची गादी पाठवली. पहिल्यांदा निजवलं तेव्हा वाकड्या झालेल्या तोंडाने ती म्हणाली, "शेवटी बसयलंस मां होडीत!"

तेव्हापासून तो गादीच्या कडेला बसला की पाणी हले. सुशीला चांगल्या हाताने खाटेची कड घट्ट धरी आणि विचारी, "टेकली काय?" होडी वाळूला लागली की गंगाराम "टेकली!" म्हणून ओरडायचा, मगच माणसं उतरायची. काठावर उभं राहून राहून तो शब्द तिला पाठ झाला होता.

"नाय गो. वायच आसा अजून," तो म्हणे, काठ थोडासाच उरल्यासारखा.

बाळाने बूच काढून नळी लावली, तोंडाने ओढली आणि टोक खिडकीबाहेर माडाच्या आळ्यात सोडलं. पाणी वाहू लागलं. आता तरी रडू येईल असं गंगारामला वाटलं होतं. तो धारेचा आवाज ऐकत राहिला.

हळूहळू धार बारीक झाली.

"काकानू, वायच वर पडा. वजनान जायत."

"मी? तू पड."

"मी नळी धरलंय मां."

गंगाराम खाटेवर चढला. जिथे सुशीलाची पाठ असायची तिथे त्याने पाठ टेकली. उरलेलं पाणी हललं, तशी त्याच्या हाताने आपणहून खाटेची कड धरली.

पाणी उतरत गेलं. आधी खांद्यांना फळी लागली, मग कमरेला.

"झाला काय रे?" मथुराने विचारलं.

"टेकली," गंगाराम म्हणाला.

बाळा गादी गुंडाळायला पुढे झाला आणि थांबला. होडीवाला सगळे उतरल्यावरच उतरतो. गंगाराम आढ्याकडे बघत थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग त्याने खाटेची कड सोडली.