मनगटावरची खदखद

पडदे ओढलेल्या खोलीत तीस माणसं श्वास रोखून बसली होती. स्टँडला घट्ट बसवलेल्या लेसरचा लाल ठिपका दिवेबाबांनी आधी भिंतीवर पाडला.

"मुंडी हलवायची नाही! बघा, भिंत शांत."

ठिपक्यातले बारीक कण निपचित होते. मग तोच ठिपका टेबलावर दाबून धरलेल्या शिंप्याच्या मनगटावर आला आणि कण उकळीसारखे खदखदू लागले.

"बघा, भूत कसं वळवळतंय!"

सपासप वेत बसले. शिंप्याचा सदरा रक्ताने पाठीला चिकटला. "आता दार बंद करू, परत शिरायला नको," म्हणत बाबांनी त्याच्या दंडाला दोर करकचून आवळला. पुन्हा ठिपका. खदखद थांबलेली! लोक पायांवर कोसळले.

"पुढची पोर आणा."

पोरीला घेऊन तिची आई पुढे आली. लेकीला तिसऱ्यांदा झटके आले, तेव्हा बी.एस्सी. झालेली ही आईसुद्धा हबकून इथे आली होती. नणंद सोबत आली होती, ती 'वहिनी, वेडेपणा करू नका' म्हणतच.

पहिला वेत चार वर्षांच्या पोटरीवर बसला.

"आईऽऽ!"

ती झेपावली. दुसरा फटका तिने हातावर झेलला, तळवा फाटला. तिने बाबाला टेबलावर रेटलं. तेवढ्यात नणंदेने ठिपका त्याच्याच मनगटावर वळवला. खदखद!

"अरे, भूत तर ह्याच्यातच आहे!" शिंप्याने वेत हिसकावून बाबाच्या तोंडावर हाणला. दात उडाला. लोक तुटून पडले.

"थांबा! माझा हात बघा!" आईने रक्ताळलेला हात त्या लाल उजेडात धरला. तोही खदखदला. नणंदेने तिचा दंड ओढणीने आवळला. कण मंदावले, थांबले. गाठ सोडली, पुन्हा नाचू लागले.

"भूत नाही हो, रक्त!" नणंद म्हणाली. "आत रक्त धावतं, म्हणून परत येणाऱ्या उजेडाचे कण हलतात. दंड आवळला की रक्त अडतं. आमच्या प्रयोगशाळेत कणांच्या अशाच हालचालीवरून कातडी किती मऊ, किती ताठर ते मोजतो. तेही कुणाला न मारता!"

"मग मी मार कशाबद्दल खाल्ला?" शिंपी पुटपुटला.

"जिवंत असल्याबद्दल," आई म्हणाली. तिने लेकीला उचललं. "ह्याला पोलीस बघतील, तुम्ही हात लावू नका. आणि अचंबा वाटला की पाया पडण्याआधी एवढंच करा: तो उजेड स्वतःच्या हातावर पाडून बघा. झटक्यांना औषध असतं. ठाऊक असून मी इथे आले, ही माझी चूक. चला शिंपीदादा, दवाखान्यात तुमची पाठही दाखवू."