गुणवंताच्या मापाची बंदूक

अंगाच्या मापाचा सदरा शिवतात, पायाच्या मापाची चप्पल बनते, तशी माणसाच्या मापाची बंदूकही बनते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. टिकारामचा जन्म त्यातच गेला होता. आधी जबलपूरच्या सरकारी हत्यारांच्या कारखान्याच्या लाकूड खात्यात, आणि पेन्शनीत निघाल्यावर तिथल्याच सदर बाजारातल्या एका परवानेदार दुकानाच्या मागच्या पडवीत. चेरीतालहून सायकल हाणत यायचं, पडवीत पोतं अंथरायचं आणि शिकाऱ्यांच्या बंदुकांना दस्ते, म्हणजे खांद्याला टेकायची लाकडं, घडवायचे. नळी आणि चाप सगळ्यांना सारखेच, दस्ता मात्र ज्याचा त्याला, असं तो म्हणायचा. दस्ता खांद्यात बसला, गाल लाकडाला टेकला आणि डोळा आपोआप नळीच्या टोकावरच्या माशीवर गेला, तर बंदूक त्या माणसाची झाली. नाहीतर ती नुसती काठी.

मध्यप्रदेश होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. शिकारीला तेव्हा बंदी नव्हती. दिवाळी सरली आणि एका दुपारी गुणवंत दुकानाच्या मागच्या दारातून आत आला आणि पोत्यावर टिकारामच्या शेजारी बसला.

दोघे एकाच वस्तीत वाढलेले. दोघांचे बाप भंडाऱ्याकडून पोट भरायला जबलपुरात आलेले. दोघांनी कारखान्यात बरोबरच नोकरी धरली, बौद्ध धम्माची दीक्षाही बरोबरच घेतली. पुढे गुणवंत नोकरी सोडून पनागरला गेला. त्याच्या बायकोला, शेवंताला, माहेरकडून थोडी जमीन मिळाली होती, तिथं तो कोबी-बटाटे पिकवायचा. रानडुकरं बटाटे उकरून टाकत म्हणून त्याला पीक राखायचा परवाना मिळाला होता. त्यावर एक जुनी भरमार, ठासणीची बंदूक, होती. ती उडायची कमी आणि धुरानं खोकवायची जास्त.

"मले एक रायफल बनवून दे," गुणवंत म्हणाला. "साहेबाच्या रायफलीसारखी. माझ्या मापाची."

टिकाराम हसला. डुकरांसाठी साहेबाची रायफल कशाला लागते, असं त्यानं विचारलं. पण त्याला उत्तर ठाऊक होतं.

गुणवंत मिसरूड फुटायच्या वयात शिकारीच्या हाकाऱ्यात जायचा. एकदा मंडल्याच्या रानात एका गोऱ्या साहेबाची रायफल खांद्यावर वाहायचं काम त्याच्याकडे आलं. अक्रोडाचा दस्ता, त्यात धुरासारख्या काळ्या रेषा. साहेब नदीवर अंघोळीला गेला तेव्हा गुणवंतानं ती रायफल खांद्याला लावून पाहिली. दस्ता लांब, त्याचं बोट चापापर्यंत पोचेना. साहेबानं ते पाहिलं. मारलं नाही, शिवीही दिली नाही. हसून म्हणाला, "तेरे नाप की नहीं है."

मारलं असतं तर गुणवंत विसरला असता. हे वाक्य मात्र हाडात रुतलं. पुढं कारखान्यात मोठे बूट मिळाले की तो पुढच्या टोकात चिंधी कोंबायचा आणि म्हणायचा, माझ्या नापाचे नाहीत. लग्नात कोट मागून आणलेला, त्याच्या बाह्या बोटांवर येत होत्या, तेव्हाही तेच म्हणाला. लोक हसायचे, तोही हसायचा. पण साठीला आलेल्या माणसाच्या अंगाला आजवर त्याच्यासाठी म्हणून बेतलेली एकही वस्तू लागली नव्हती, ही गोष्ट टिकारामला त्या दिवशी पोत्यावर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळली.

मग दोघे बेत करायला बसले. नवी रायफल त्यांच्या ऐपतीतली नव्हतीच. पण दुकानात तीनशेपंधरा बोअरची एक जुनी रायफल पडून होती. कुणाच्या तरी घराला आग लागून तिचा दस्ता जळाला होता, नळी आणि खटका मात्र निर्मळ होते. दुकानाच्या शेठनं ती भंगाराच्या भावानं दिली आणि गुणवंताच्या परवान्यावर चढवून घेतली. आता प्रश्न लाकडाचा. काश्मिरी अक्रोड घ्यायचा तर कोबीचं अख्खं शेत विकावं लागलं असतं. शिसव मिळाला असता, पण शिसव जड.

"जड नको," गुणवंत लगेच म्हणाला. "हलकी पाहिजे मले."

लाकूड भलत्याच ठिकाणी सापडलं. कॅन्टोन्मेंटातल्या जुन्या क्लबातलं सामान लिलावात निघालं होतं. त्यात दारूच्या काउंटरची जाड फळी होती. वर तेलाचा, काजळीचा थर चढलेला, म्हणून कुणी हात लावेना. टिकारामनं कोपऱ्यात चाकूनं खरवडून पाहिलं, आत अक्रोड दिसला, आणि गुपचूप बोली लावली. ती फळी सायकलला बांधून चालत आणताना दोघे म्हातारे पोरांसारखे खिदळत होते. साहेब लोकांनी इतकी वर्षं दारू सांडून मुरवलेलं लाकूड आहे, गोळी झिंगतच जाईल, असं गुणवंत म्हणाला. हसता हसता तो पोट धरून रस्त्याच्या कडेला बसला. टिकारामला वाटलं, हसण्यानंच.

बाकीच्या गोष्टी एकेक करून बेतातून काढून टाकल्या. मुठीवरची कोरीव जाळी नको. नावाची चांदीची टिकली नको. पट्टा टिकारामच्या जुन्या कातडी पट्ट्याचा. तेल जवसाचं, घरचं. टिकाराम एकेक वस्तू कमी करताना गुणवंताच्या तोंडाकडे बघे, पण त्याला कशाचंच वाईट वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. माप माझं पाहिजे, आणि हलकी पाहिजे.

माप द्यायला तो थंडीत आला. अंगात मिलिटरीच्या जुन्या मालातला जाड कोट, कानावरून हनुवटीपर्यंत मफलर. टिकारामनं कोट काढायला सांगितलं.

"काहून काढू? शिकार काय उघड्या अंगानं करतात? साहेबाचं माप कोटावरूनच घेत."

हे खरं होतं. जाणते शिकारी ज्या कपड्यांत शिकार करायची त्याच कपड्यांत माप देतात. गुणवंताला एवढं कळतं याचा टिकारामला अभिमानच वाटला. त्यानं कोटावरूनच कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं, मफलरावरूनच गालाची उंची घेतली. तशी मापं त्यानं आयुष्यात किती घेतली असतील. कोटाच्या आत माणूस किती उरला आहे ते काही त्याच्या दोरीला कळलं नाही.

जाताना गुणवंत दारात थांबला. "अजून हलकी नाही होणार?"

टिकाराम वैतागला. हलक्या बंदुकीचा धक्का किती बसतो, खांदा कसा फुटतो, नळी कशी वर उडते, हे त्यानं त्याला चांगलं समजावून सांगितलं. ज्याला कळत नाही त्यानं कारागिराला शिकवू नये, असंही बोलून गेला. गुणवंतानं मफलर घट्ट केला. मग "तुले जास्त समजते बावा," म्हणून बसच्या अड्ड्याकडे चालता झाला.

टिकारामनं जीव ओतून काम केलं. दुकानाची कामं मागं पडली, शेठ कुरकुरला, बायको चंपाबाई घरी चिडली की त्या लाकडाशीच लग्न लावायचं होतं. काजळीचा थर निघाला तसा आतून मधासारखा रंग वर आला आणि त्यात त्या धुराच्या काळ्या रेषा. जवसाचं तेल तळहातानं चोळून जिरवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. वजन त्यानं आपल्या मतानं ठेवलं, भरीव, जसं असायला पाहिजे तसं. पूर्ण झाल्यावर रायफल बोटावर तोलून पाहिली तर ती तराजूच्या दांडीसारखी स्थिर राहिली. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला कळलं.

गुणवंत न्यायला आला नाही. दोनदा निरोप धाडला तरी आला नाही. शेवटी शेठकडून रीतसर कागद घेऊन टिकाराम स्वतःच रायफल कापडात गुंडाळून पनागरच्या बसमध्ये बसला.

गुणवंत अंगणात खाटेवर उन्हाला पडला होता. गरमी सुरू झाली होती, कोट नव्हता, मफलर नव्हता. खाटेवर गुणवंत आहे हे टिकारामला क्षणभर ओळखू आलं नाही. गाल आत गेलेले, गळ्याच्या शिरा दोरासारख्या. नुसत्या बनियनमधून छातीचा पिंजरा दिसत होता.

"आण," गुणवंत म्हणाला, आणि त्याचे डोळे मात्र तेच होते, जुने.

त्यानं दस्त्यावर हात फिरवला, काळ्या रेषांवरून बोट नेलं. मग उठून बसला आणि रायफल खांद्याला लावायला उचलली. नळी वीतभर वर आली, थरथरली आणि खाली गेली. त्यानं पुन्हा उचलली. या वेळी दस्ता खांद्यात टेकला, पण पुढचा हात ताणता येईना. आणि टेकायला गालच नव्हता, डोळा माशीच्या खालीच राहिला. हाड तेवढंच होतं, ते उचलणारं मांस गेलं होतं.

गुणवंतानं रायफल हळूच मांडीवर ठेवली. ते जुनं वाक्यसुद्धा बोलला नाही.

टिकाराम उठून घरामागं गेला. शेवंता चुलीपाशी होती. तिनं सांगितलं, पोटात गाठ आहे. दिवाळीच्या आधीच नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकले होते. माप द्यायला तो कोटाच्या आत दोन दोन स्वेटर घालून गेला होता.

"मले काहून नाही सांगितलं, वहिनी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बनवली असती का, भाऊजी? तुम्ही त्यायले दवाखान्यात घेऊन फिरले असते."

अजून हलकी नाही होणार का, हे गुणवंत दारात थांबून विचारत होता, आणि आपण त्याला बंदुकीचा धक्का समजावत होतो. टिकारामला चुलीचा धूर लागला असं शेवंतानं समजून घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

तो पुन्हा अंगणात आला आणि म्हणाला, "हात इकडे कर. माप चुकलं माझं."

या वेळी त्यानं उघड्या हाताचं माप घेतलं. कोपर हातात धरलं तेव्हा ते पाखराच्या पंखाएवढं वाटलं. गालाच्या खड्ड्यात त्यानं आपली दोन बोटं ठेवून उंची पाहिली. गुणवंत लहान पोरासारखा स्थिर बसून होता.

"एवढी सुरेख वस्तू कापशील?" त्यानं विचारलं.

"दस्ता ज्याचा त्याला."

"मग तो तुकडा जपून ठेव," गुणवंत म्हणाला. "मी गेल्यावर परत लावून दे. नाहीतर ती कोणाच्या नापाची राहणार नाही, अन् शेवंताच्या हाती काही येणार नाही."

पडवीत येऊन टिकारामनं करवत हातात घेतली आणि बराच वेळ ती लाकडावर ठेवूनच बसला. मग दस्त्याचं टोक कापलं. कापलेल्या तोंडातून आतलं लाकूड कोरून कोरून काढलं, दस्ता आतून बासरीसारखा पोकळ केला. जे जे त्यानं गुणवंताला चूक म्हणून सांगितलं होतं ते सगळं केलं. गालाच्या जागी कातड्याची गादी शिवली. कापलेला तुकडा तेल लावून फडक्यात बांधून घरी ठेवला.

तो पनागरला पोचला तेव्हा ऊन कलत होतं. गुणवंताला खाटेसकट उचलून शेताच्या बांधावर नेलं. टिकाराम त्याच्या पाठीला पाठ देऊन बसला, टेकू म्हणून. त्यामुळं त्याला काही दिसलं नाही. फक्त पाठीला कळलं की गुणवंताचे खांदे वर आले, थांबले आणि तसेच राहिले. श्वास रोखला गेला.

"बसली," गुणवंत म्हणाला.

शेतातले बटाटे काढून झाले होते, मोकळ्या मातीत फक्त बुजगावणं उभं होतं. मार एक, गोळी आहे, असं टिकाराम म्हणाला.

"त्याले काय मारू? माझेच कपडे घालून उभा आहे बिचारा. ढगळेच होतात त्यालेही."

दोघे हसले. पाठीला पाठ असल्यामुळं एकाचं हसणं दुसऱ्याच्या हाडांत वाजलं. गोळी काही उडाली नाही. अंधार पडू लागेपर्यंत रायफल गुणवंताच्या मांडीवर होती.

पाऊस लागायच्या आत गुणवंत गेला. कायद्याप्रमाणं रायफल दुकानात जमा झाली, विकली की पैसे शेवंताचे. गिऱ्हाइकं येत, रेषा बघून हातात घेत, खांद्याला लावत आणि हसत. एका ठेकेदारानं तर विचारलं की ही कुणा पोरासाठी बनवली होती का. शेठ टिकारामकडे बघे. टिकाराम खाली मान घालून दुसऱ्याच कुठल्या दस्त्याला कानस मारत राही. फडक्यातला तुकडा आणायला तो रोज विसरत होता.

मग एकदा शेवंता दुकानात आली. काही मागितलं नाही. काचेच्या कपाटातल्या रायफलीकडे बघत उभी राहिली आणि एवढंच बोलली, "लावून टाका, भाऊजी. त्यांनीच सांगितलं होतं ना."

टिकारामनं पोकळी लाकडानं भरली, कातड्याची गादी उकलली. मग तुकडा जागेवर धरून पाहिला. रेषेला रेषा अशी मिळाली की सांधा शोधून सापडला नसता. त्याच्या हाताला ते सहज साधलं असतं, आणि शेठही तेच सांगत होता. पण टिकारामनं म्हशीच्या शिंगाची एक पातळ चकती घासून तयार केली, काळीभोर, आणि गुणवंताचं माप जिथं संपलं होतं तिथं, दोन्ही लाकडांच्या मधे बसवली.

रायफल त्याच ठेकेदारानं घेतली. खांद्याला लावली, डोळा सरळ माशीवर गेला. खूश झाला. मग दस्त्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं, "और ये काली पट्टी?"

"डिजाइन है, साब," शेठ म्हणाला.

टिकारामनं रायफल हातात घेतली. चापापासून त्या काळ्या पट्टीपर्यंत फडकं एकदा फिरवलं, तिथं थांबला, आणि ती ठेकेदाराच्या हातात दिली.